यंत्रांतील उंदीर आणि वासाचा भरंवसा

दोन वर्षांपूर्वीं याच मासिकाच्या 'घरगुती उपाय' या सदरांत आम्हीं एक सूचना छापली होती. बंद ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या अथवा मोटारीच्या बोनेटखालीं डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधून ठेवली असतां उंदीर तिकडे फिरकत नाहींत, असा तिचा आशय होता. ती सूचना आम्हीं स्वतः पडताळून पाहिली नव्हती. दोघां-तिघां सभासदांनीं ती सांगितली, गोळ्या बाजारांत स्वस्त मिळतात आणि उपाय करण्यास सोपा, एवढ्यावर आम्हीं ती प्रसिद्ध केली. ती चुकीची होती. तिच्यावर विसंबून राहिलेल्या एका सभासदाचें जें नुकसान झालें तें ऐकल्यानंतर, ही चूक उघडपणें कबूल करून या विषयाचा नीट विचार वाचकांपुढें मांडणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

या सभासदांची हकीगत थोडक्यांत अशी. रब्बीची ज्वारी निघाल्यावर त्यांनीं नांगरट उरकली आणि एप्रिलच्या मध्यास ट्रॅक्टर घरामागील शेडमध्यें लावला. शेडच्या एका बाजूस कडबा रचलेला होता व दुसऱ्या बाजूस सरकी पेंडीचीं पोतीं होतीं. आमची सूचना वाचलेली असल्यामुळें त्यांनीं बोनेटखालीं दोन व सीटखालीं एक अशा गोळ्यांच्या तीन पुरचुंड्या बांधल्या, आणि त्यानंतर सुमारें 8 आठवडे गाडीकडे पाहिलें नाहीं. गेल्या वर्षीं त्यांच्या गांवीं मृगाचा पाऊस वेळेवर पडला व चौथ्या दिवशीं जमिनीस वाफसा आला. पहांटे ते पेरणीयंत्र जोडण्यास गेले, तों सेल्फ फिरेना. बोनेट उघडून पाहतात तों बॅटरीशेजारीं सीटमधील स्पंज, कडब्याचीं पातीं आणि चिंध्या यांचें घरटें, त्यांत डोळे न उघडलेलीं पिलें, आणि खालीं वायरिंगच्या चार तारा तांब्यापर्यंत कुरतडलेल्या. गोळ्या उन्हाळ्याच्या उष्म्यानें विरून हरभऱ्याएवढ्या उरल्या होत्या. आणि पुरचुंडीचें फडकेंच उंदरांनीं अंथरुणास घेतलें होतें.

त्या आठवड्यांत तालुक्यांतील प्रत्येक फिटर कोणाच्या ना कोणाच्या बांधावर गुंतलेला. नवें वायरिंग बसेपर्यंत 5 दिवस गेले. सहाव्या दिवशीं पुन्हां पाऊस लागला, आणि वाफसा परत येण्यास आणखी एक आठवडा लागला. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत कोणासच मिळत नव्हता. मूग लौकर पेरावयाचा व तो काढून त्याच रानांत रब्बीची ज्वारी घ्यावयाची, असा या गृहस्थांचा बेत होता. मुगाची वेळ टळली. दुरुस्तीस किती खर्च आला हें त्यांनीं आम्हांस सांगितलें नाहीं. "मूग गेला," एवढेंच ते म्हणाले. आमच्या सूचनेस त्यांनीं बोल लावला नाहीं, म्हणूनच तो आम्ही स्वतःस लावीत आहों.

आतां आमच्या सूचनेंत चूक कोठें होती तें पाहूं. आपल्या घरांत उग्र वासाचे जे पदार्थ आपण वापरतों, ते मुळांत कोणासाठीं वापरतों याचा विचार आम्हीं केला नाहीं. डांबराची गोळी पेटींत ठेवतात ती लोंकरी व रेशमी कपड्यांस कसर लागूं नये म्हणून. कडुनिंबाचा पाला कणगींत घालतात तो धान्यांतील किड्यांसाठीं. तंबाखूचा काढा पिकावर मारीत असत तो माव्यासाठीं. वेखंड, कापूर यांचीही हीच कथा. हे सर्व कीटकांवरचे उपाय आहेत व त्या कामीं ते कमीअधिक उपयोगी पडतातही. परंतु उंदीर हा कीटक नव्हे. तो सस्तन प्राणी आहे. नव्या वस्तूस भिणारा, पण भीति चुकीची ठरली कीं ती टाकून देणारा आहे. आणि गरजेपुढें वासाची पर्वा न करणारा आहे. गटारांत राहणाऱ्या प्राण्यास दुर्गंधीनें हांकून लावूं पाहणें हें मुळांतच विचित्र आहे, हें आमच्या ध्यानीं यावयास हवें होतें.

कांहीं वाचक म्हणतील कीं हे उपाय आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आले आहेत. आजोबांच्या शहाणपणाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. पण त्यांनीं उंदरांपासून धान्य कसें राखलें तें आठवून पाहावें. त्यांनीं कणगी शेणमातीनें लिंपून तिचें तोंड बंद केलें. त्यांनीं पेव खोदलें व त्यावर दगड बसवून तो मातीनें लिंपला. बियाण्याचीं कणसें त्यांनीं आढ्यास टांगलीं. घरांत मांजर ठेवलें. म्हणजे किड्यांसाठीं पाला आणि उंदरांसाठीं भिंत, झांकण व अंतर, असा भेद ते स्पष्टपणें करीत होते. आपण मात्र पाल्याचा व गोळीचा उपाय उचलला आणि भिंतीचा सोडून दिला, कारण पहिला दोन मिनिटांत होतो व दुसऱ्यास दिवस मोडावा लागतो.

डांबराच्या गोळीचें काम कसें चालतें हें पाहिलें म्हणजे ती येथें कां फसते तें कळतें. गोळीची वाफ बंद पेटींत साठते, आणि साठलेल्या वाफेनें कसर मरते. ट्रॅक्टरचें बोनेट खालून व बाजूंनीं उघडें असतें आणि शेडमध्यें वारा वाहता असतो. तेथें वाफ साठणार कशी? जेथें ती साठते, म्हणजे कांचा बंद केलेल्या मोटारींत अगर केबिनमध्यें, तेथें ती माणसास बाधते. डोकें दुखतें, मळमळतें. ज्या मुलांच्या रक्तपेशींत एक विशिष्ट जन्मजात दोष असतो त्यांच्या तांबड्या पेशी या द्रव्यानें फुटतात, व कावीळ आणि रक्तक्षय होतो. शिवाय ही गोळी पिपरमिटासारखी दिसते. खेड्यांतील शेड म्हणजे मुलांच्या खेळण्याची जागा. तेथें अशा गोळ्या टांगून ठेवण्याची शिफारस आम्हीं केली, याचा आम्हांस अधिकच खेद होतो.

इतर उपायांचीही अशीच परीक्षा करतां येते. पुदिन्याच्या तेलाचा बोळा निरुपद्रवी खरा, पण तेल थोड्या दिवसांत उडून जातें व नुसता कापूस उरतो, जो उंदरास घरट्यास हवाच असतो. तिखट तेलांत कालवून तारांस फासणारे कांहीं लोक आहेत. तिखटाची आग सस्तन प्राण्यांस होते हें खरें. एका जपानी मोटार-कारखान्यानें तिखटाचें सत्त्व भरलेली चिकटपट्टी तारांवर गुंडाळण्यासाठीं काढलेलीही आहे. परंतु ती फार झालें तर गुंडाळलेली तार राखील. घरटें थांबविणार नाहीं, सीट राखणार नाहीं. घरीं फासलेलें तिखट मात्र धुळीबरोबर उडतें व पुढें फिटरच्या डोळ्यांत जातें. तारांस डिझेल चोळणें तर उघड घातक. त्यानें रबराच्या नळ्या फुगून खराब होतात. बाजारांत मिळणारीं, माणसास ऐकूं न येणारा आवाज काढणारीं यंत्रें हीं या वासांचींच भावंडें होत. अशा यंत्रांच्या जाहिरातींतील दाव्यांस शास्त्रीय आधार असावा लागतो, अशी ताकीद अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें 2001 सालीं अनेक कारखानदारांस व विक्रेत्यांस दिली होती.

मग इतके लोक या उपायांची ग्वाही कां देतात? ते खोटें बोलतात असें आम्ही म्हणत नाहीं. घरउंदीर नव्या वस्तूस कांहीं दिवस बिचकतो. गोळ्या टांगल्यावर चार दिवस लेंड्या दिसत नाहींत, आणि मालक निश्चिंत होतो. पुढें उंदीर सरावतो, पण तोंपर्यंत मालकानें पाहणें सोडलेलें असतें. ज्याच्या गाडींत उंदीर येणारच नव्हते तो गोळ्यांस श्रेय देतो. ज्याच्या गाडींत आले तो "गोळ्या कमी पडल्या" म्हणतो. अशा रीतीनें उपाय कधींच खोटा ठरत नाहीं. आमच्या मतें गोळीचा खरा दोष हाच कीं ती निश्चिंतपणा विकते. आमच्या सभासदांनीं गोळ्या बांधल्या नसत्या, तर त्यांनीं 8 आठवड्यांत एकदां तरी बोनेट उघडून पाहिलें असतें.

उंदीर यंत्रांत शिरतो तो तीन गोष्टींसाठीं: जवळपासचें खाद्य, घरट्याची मऊ जागा, आणि कोणी न हालविणारा अंधारा आडोसा. कुरतडणें हा त्याचा देहधर्म. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, व ते झिजविण्यास तारेचें वेष्टन त्याला लांकडाइतकेंच चालतें. आपल्या इकडे तो वर्षांतून दोनदां शेडकडे वळतो. रब्बीचीं पिकें निघून रानें उघडीं पडलीं कीं एकदां, आणि पावसाचें पाणी बिळांत शिरलें कीं दुसऱ्यांदां. दुर्दैवानें आपलीं यंत्रें बंद राहण्याचे काळही बरेचसे हेच. लहान उंदराची मादी सुमारें 3 आठवड्यांत विते, एका वेळीं साधारण 5-6 पिलें देते व लागलीच पुन्हां गाभण राहूं शकते; आणि पिलें सुमारें 6 आठवड्यांत स्वतः वीण करण्याजोगीं होतात. आषाढांत लावलेली गाडी दसऱ्यास काढणाऱ्यानें हा हिशेब एकदां बोटांवर करून पाहावा.

खाद्य व शांतता एकत्र आल्यावर काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजीं किल्लारीचा भूकंप झाला. पुढील वर्षीं, म्हणजे 1994 सालीं, बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले. भूकंपाच्या धास्तीनें लोक घराबाहेर राहूं लागले होते, पण धान्य मात्र घरांतच होतें. त्या भरलेल्या व निर्मनुष्य घरांत उंदीर बेसुमार वाढले, असें कारण त्या वेळीं सांगण्यांत आलें. आपली बंद शेड ही त्याच प्रकारची लहान आवृत्ति आहे. तेथें प्लेग येईल असें आम्ही म्हणत नाहीं; पण उंदीर वाढण्याचें कारण दोन्हीकडे एकच.

तेव्हां उपाय करावयाचा तो या तीन गोष्टींवर. आमच्या संघाच्या शेडमध्यें गेल्या दिवाळीपासून आम्हीं जें केलें, तेंच येथें क्रमानें सांगतों.

प्रथम खाद्य. ज्या छपराखालीं ट्रॅक्टर, मळणीयंत्र अथवा मोटार ठेवावयाची, तेथें कडबा, पेंड, कोंडा व बियाणें ठेवूं नये. दुसरी जागाच नसेल, तर पेंड व बी घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या पिंपांत भरावें. ट्रॉलीच्या फटींत अडकलेलें सोयाबीन, मळणीयंत्राच्या चाळणींत राहिलेले दाणे, पेरणीयंत्राच्या पेटींतलें उरलेलें बी, हें सर्व झाडून काढावें. सीटखालीं व हत्यारांच्या पेटींत हात घालून पाहावें. आमच्या संघाच्या ट्रॅक्टरची पेटी रिकामी केली तेव्हां तींत मूठभर भुईमुगाच्या शेंगा निघाल्या. ड्रायव्हरास बोलणार तोंच आम्हांस आठवलें कीं त्या एका शिवारफेरीच्या वेळीं आम्हींच तेथें ठेवल्या होत्या.

दुसरी गोष्ट वाट. शिसपेन्सिल आंत जाईल एवढें, म्हणजे सुमारें 6 मिलिमीटरांचें छिद्र लहान उंदरास पुरतें, आणि त्याच्या दुप्पट छिद्रांतून घरउंदीर जातो. भिंतींतील बिळें कांचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटनें बुजवावीं. नळ व तारा जेथून आंत येतात त्या फटींत भांडीं घासण्याच्या तारेच्या घासण्या ठासून वरून सिमेंट लावावें. चिंध्या किंवा कागद कोंबूं नये. दरवाज्याच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा. झरोक्यांस बारीक घराची लोखंडी जाळी बसवावी. छपरावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या. ज्यांची शेड तीन बाजूंनीं उघडी आहे त्यांस हें सर्व करतां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यांनीं निदान यंत्राचीं तोंडें बंद करावीं. सायलेन्सरवर डबा पालथा घालण्याची रीत आपल्याकडे पावसासाठीं आहेच. तीच उंदरांसाठीं बारमहा पाळावी, आणि एअर क्लीनरच्या तोंडास जाळी बांधावी. मात्र जें कांहीं झांकलें असेल त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवावी, म्हणजे चालू करणारा तें काढावयास विसरणार नाहीं.

तिसरी गोष्ट आडोसा. गाडी भिंतीस व सामानास लागून उभी न करतां चहूंबाजूंनीं दोन-तीन फूट जागा सोडावी. जमिनीपर्यंत लोळणारी ताडपत्री घातल्यानें गाडीचें रक्षण होतें असा समज आहे; वस्तुतः तिच्याखालीं उंदरास अंधारें घर तयार होतें. धूळ नको असेल तर ताडपत्री वरच्यावर बांधावी. शेडमध्यें पाऊस येत नसेल, तर बोनेट उघडें ठेवावें. उजेड व वारा लागला कीं घरट्यास जागा मनासारखी राहत नाहीं. शेडभोंवतीं गवत वाढूं देऊं नये. यानें सापांचाही आडोसा मोडतो. नाग व घोणस हे उंदरांच्या मागावरच गोठ्यांत व शेडमध्यें येतात, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे.

चौथी गोष्ट हालचाल, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची हीच. बंद यंत्राकडे दर आठवड्यास एकदां जावें. आधीं बोनेटखालीं, बॅटरीजवळ, पंख्याच्या मागें व सीटखालीं नीट पाहावें. पिलें, चिंध्या किंवा लेंड्या दिसल्यास गाडी चालू करूं नये, कारण सायलेन्सरच्या तापलेल्या नळ्यांजवळचें वाळलेलें घरटें पेट घेऊं शकतें. सर्व ठीक असल्यास इंजिन पंधरा-वीस मिनिटें चालवून गाडी हातभर तरी पुढेंमागें करावी. यानें बॅटरीही शाबूत राहते. अधिक काळ कोणीच फिरकणार नसेल, तर बॅटरीची वजा खुणेची तार सोडून ठेवावी, म्हणजे कुरतडलेल्या तारा एकमेकींस लागून आग होण्याचें भय कमी होतें.

पांचवी गोष्ट सांपळा. तो शेडच्या मध्यभागीं ठेवून उपयोग नाहीं. उंदीर भिंतीच्या कडेकडेनें चालतो, म्हणून चाप भिंतीशीं काटकोनांत व आमिषाचें टोंक भिंतीकडे करून ठेवावा. घरउंदरासाठीं पिंजरा पहिले दोन-तीन दिवस आमिष घालून, पण दार न अडकवितां उघडाच ठेवावा; तो निर्धास्त खाऊं लागला कीं मग अडकवावा. सुकी मासळी, भजें किंवा शेंगदाणा यांपैकीं जें त्याला जवळपास मिळत नसेल तें घालावें. एक पिंजरा ठेवून भागत नाहीं. चार-सहा एकदम लावावे. चिचुंद्री सांपडल्यास सोडून द्यावी. ती उंदीर नव्हे. किडे खाणारा वेगळा प्राणी आहे, आणि तारा कुरतडण्याच्या आरोपांतून ती मुक्त आहे.

विषाविषयीं दोन शब्द. शेतांतील बिळांसाठीं झिंक फॉस्फाइडचीं आमिषें कृषिखात्याच्या सल्ल्यानें वापरतात, तो प्रश्न निराळा. परंतु जेथें पेंड आहे, शेजारीं गुरें आहेत व मुलें खेळतात, त्या शेडमध्यें विष ठेवूं नये. विष खाल्लेला उंदीर गाडीच्याच एखाद्या कोनाड्यांत मरतो व त्याची दुर्गंधि महिनाभर पुरते. तो बाहेर जाऊन मेला, तर त्याला खाणारें मांजर किंवा गव्हाणी घुबड मरण्याचा संभव असतो. आणि हें घुबड म्हणजे शेतकऱ्याचा रात्रीचा फुकट राखणदार होय. त्याला अशुभ मानून हांकलणारांनीं त्याच्या बसण्याच्या जागेखालीं पडलेलीं उंदरांचीं हाडें एकदां पाहावीं. धुरीच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराजवळ कधींच वापरूं नयेत. त्यांतून निघणारा वायु बंद जागेंत माणसांचा जीव घेतो.

घरटें सांपडलेंच, तर तें कोरड्या खराट्यानें झाडूं नये. उंदराच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात, व पावसाळ्यांत कोंकणांत व मुंबईंत या रोगाचे रोगी दरसाल आढळतात. बॅटरीची तार सोडून, हातांत रबरी मोजे घालून, घरट्यावर ब्लीचिंग पावडरचें पाणी शिंपडावें व दहा मिनिटांनीं तें उचलून खोल पुरावें. हातापायांस जखम असेल त्यानें हें काम दुसऱ्यास सांगावें.

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. एवढें सर्व करण्यास दिवस मोडतो. गोळ्या बांधण्यास दोन मिनिटें पुरतात. खरें आहे. बिळें बुजविण्यास व जाळी बसविण्यास आमच्या संघाच्या शेडला दोन माणसांचे दोन दिवस लागले. पहिल्या पंधरवड्यांत पिंजरे रोज भरत. आतां क्वचितच एखादा सांपडतो, पण पाहणी आम्हीं थांबविलेली नाहीं, व थांबविणारही नाहीं. या दोन दिवसांची तुलना गोळ्यांच्या दोन मिनिटांशीं करूं नये. वाफशाच्या हुकलेल्या दिवसाशीं करावी. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याचा मागतां येत असे. आतां गांवांतील चार ट्रॅक्टरांवर सगळ्या शिवाराची पेरणी अवलंबून असते, आणि त्यांतील एक बंद पडला कीं त्याच्या मालकाबरोबर तो भाड्यानें घेणाऱ्या दहा घरांची पेरणी अडते. म्हणून यंत्राची निगा हें आतां एकट्या मालकाचें काम राहिलेलें नाहीं.

ज्यांस पुदिना, कडुनिंब किंवा वेखंड ठेवल्यानें मनाचें समाधान होतें, त्यांनीं तें खुशाल ठेवावें. पण तें सर्व कामें उरकल्यावर ठेवावें. शेड झाडली, भिंत बुजविली, पिंजरा लावला, आणि मग पाल्याची जुडी टांगली, तर तिनें नुकसान कांहीं नाहीं. डांबराच्या गोळ्या मात्र शेडमध्यें नकोत, व पूर्वींची आमची ती सूचना वाचकांनीं आपल्या अंकांतून खोडून टाकावी.

संघाच्या येत्या सभेपुढें आम्ही दोन गोष्टी ठेवणार आहों. एक, बारीक लोखंडी जाळीचे गुंडाळे व पिंजरे संघानें घाऊक घेऊन सभासदांस मूळ किंमतींत द्यावे. दुसरी, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यांत प्रत्येक गांवानें एकाच वेळीं आपल्या शेडा साफ कराव्या. कारण एकानेंच केलें तर त्याचे उंदीर शेजाऱ्याकडे जातात व महिन्यानें परत येतात. अक्षय्य तृतीयेनंतर मृगास बहुधा चार-सहा आठवडे उरतात. कुरतडलेली तार त्या वेळीं सांपडली तर फिटर मोकळा असतो, आणि दुरुस्ती होऊन वाफशास गाडी तयार राहते.

ज्यांचा मूग गेला त्या गृहस्थांनीं यंदा कडबा रानांतल्या छपराखालीं हलविला आहे, व दर सोमवारीं सकाळीं त्यांचा नातू बोनेट उघडून पाहतो. वाचकांनीं आपापले अनुभव आमच्याकडे अवश्य लिहून पाठवावे. उपाय फसला असेल तर तो आधीं पाठवावा; पडताळून न पाहिलेली सूचना या सदरांत यापुढें छापली जाणार नाहीं.